केतकीचं पाणी

शलाका देवतळेला आपल्या धाकट्या बहिणीकडून आयुष्यात काहीही नको होतं. ना साडी, ना सल्ला, ना तिच्या पुण्याच्या घरातला पाहुणचार. आणि नशिबाची थट्टा अशी, की पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला केतकीकडे मागावं लागलं ते डोळ्यांतलं पाणी.

शलाका नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची आणि उपप्राचार्या म्हणून मुलांना धाकात ठेवायची. विशीपासून तिच्या डोळ्यांत कठीण लेन्स होत्या. नटण्याची हौस म्हणून नव्हे. तिच्या डोळ्याची पुढची काच, जिला डॉक्टर पारपटल म्हणतात, ती घुमटासारखी गोल राहायची सोडून शंकूसारखी पुढे आली होती. असल्या डोळ्याला चष्मा म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. कठीण लेन्स मात्र काम करते, कारण ती आणि वेडंवाकडं पारपटल यांच्यामधली फट अश्रूंनी भरून निघते आणि प्रकाशाला सरळ वाट मिळते. म्हणजे शलाका जग पाहायची ते अर्धं काचेतून आणि अर्धं स्वतःच्या पाण्यातून.

ते पाणीच आटलं. चाळिशी उलटली की बाईच्या शरीरातली काही संप्रेरकं काढता पाय घेतात. पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या ग्रंथी आळसावतात, अश्रूंची ग्रंथी दमते, आणि डोळ्यावरचा ओलाव्याचा पापुद्रा पापणी मिटायच्या आत फाटतो. त्यात नागपूर. उन्हाळा आता फेब्रुवारीतच दार ठोठावायचा, दुपारी रस्ते सरकारी हुकमानं बंद असायचे आणि घराघरांतली थंड हवेची यंत्रं हवेतला उरलासुरला थेंबही पिऊन टाकायची. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

दुपारपर्यंत शलाकाच्या डोळ्यांत कुणी रांगोळी फेकल्यासारखं व्हायचं. ती औषधाचे थेंब घालायची. तहानलेल्याला चमच्यानं पाणी पाजल्यासारखे ते थेंब क्षणात नाहीसे व्हायचे. संध्याकाळी लेन्स काढल्या की घर धुक्यात बुडायचं. एकदा प्रयोगशाळेत ती मुलांना रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं अल्कली घालून दाखवत होती आणि घालतच राहिली. शेवटी पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, कधीचं गुलाबी झालंय." मुलं हसली नाहीत, शलाकासमोर हसायची कुणाची छाती नव्हती. पण त्या शांततेनंच तिला जास्त लागलं. दुसऱ्याच दिवशी ती डॉक्टर खापर्डेंकडे गेली.

डॉ. अनघा खापर्डे तिची डोळ्यांची जुनी डॉक्टर. तिनं तपासलं आणि आढेवेढे न घेता सांगितलं, "मॅडम, थेंबांचे दिवस संपले. आता झरा लेन्स."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी वरून ओतायचं नाही, जागेवर पिकवायचं. लेन्सच्या कडेला मऊ जेलचं एक कडं असतं. त्यात अश्रुग्रंथीच्या जिवंत पेशी पेरलेल्या असतात. त्या डोळ्यातूनच अन्न घेतात आणि खरे अश्रू सोडतात. जेलची जाळी इतकी बारीक असते, की अश्रू बाहेर येतात, पण तुमच्या शरीराचे पहारेकरी आत जाऊन त्या पेशींना मारू शकत नाहीत. पेशी थकल्या की नवी जोडी."

"पेशी माझ्याच?"

"तुमच्या ग्रंथी दमलेल्या. त्यांची कलमं लावून काय उगवणार? सख्ख्या नात्यातलं कुणीतरी लागेल. वयानं लहान असेल आणि डोळ्यांना भरपूर पाणी असेल, तर उत्तमच. आहे असं कुणी?"

शलाका हसली. भरपूर पाणी! तिच्या सात वर्षांनी धाकट्या बहिणीला पाण्याशिवाय दुसरं होतं काय?

केतकीच्या डोळ्यांत लहानपणापासून टचकन पाणी यायचं आणि अख्खं घर विरघळायचं. फ्रॉक हवा, आलं पाणी. सहलीला जायचं, आलं पाणी. बाबा गेले तेव्हा केतकीला सगळे नातेवाईक आळीपाळीनं पोटाशी धरत होते आणि बावीस वर्षांची शलाका आत चहाची आधणं टाकत होती. "शलाका खंबीर आहे हो," असं तिला ऐकू येईल अशा बेतानं लोक म्हणायचे. खंबीर माणसाला कुणी पोटाशी धरत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशी ही कानामागून येऊन गोड झाली होती, आणि तो गोडवा शलाकाला आजही पचत नव्हता.

फोन केला तेव्हा केतकीला पुरतं ऐकूनही घेता आलं नाही. "ताई, तू मला काहीतरी मागितलंस!" एवढं म्हणून ती रडायला लागली.

"हे वाया घालवू नकोस, घेऊन ये," शलाका म्हणाली.

केतकी आठवड्याच्या आत आली. डॉक्टरांनी तिच्या वरच्या पापणीआडून तिळाएवढा तुकडा काढून घेतला, त्यातून प्रयोगशाळेत पेशींची पैदास सुरू झाली. ते काम तासाभराचं. बाकीचे दिवस केतकी प्रतापनगरला आईकडे राहिली, आणि शलाकाच्या मते खरी शस्त्रक्रिया तिथं झाली, तीही भूल न देता.

आईची, शैलजाबाईंची, आठवण गेली दोन-तीन वर्षं विरत चालली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यांनी हट्टानं करू दिलं नव्हतं, त्यामुळे माणसं त्यांना आकारानंच दिसायची. कामाला ठेवलेल्या पंचफुलाबाई घरातच राहून त्यांचं करायच्या. रोज संध्याकाळी कॉलेज आटोपलं की शलाका जायची, जेवू घालायची, औषधं द्यायची, पाय चेपायची. आणि रोज ती आली की आई रडायची. शलाका दारातून आत आल्यावर आई पाचेक मिनिटं गप्प राहायची आणि मग मुळूमुळू रडायला लागायची. का, ते सांगायची नाही. कधी हातातला घास ढकलून द्यायची.

केतकी आली आणि आई हसायला लागली. तिच्या गालांवरून हात फिरवू लागली, जुन्या मैत्रिणींची नावं आठवू लागली. जायच्या दिवशी तर तिनं पंचफुलाबाईंना नारळ, तांदूळ आणि खण आणायला लावला. माहेरी आलेली लेक रिकामी जाऊ नये एवढं तिला बरोबर आठवत होतं. तिनं केतकीची ओटी भरली. केतकीनं पदर पसरला आणि अर्थातच रडली.

शलाका दाराशी उभी राहून पाहत होती. तिची ओटी शेवटची कधी भरली होती, ते तिला आठवेना. रोज येणाऱ्या लेकीची ओटी कोण भरतं? पिकतं तिथं विकत नाही. तिच्या पोटात अशी काही आग उठली, की केतकीला स्टेशनवर सोडायलाही ती गेली नाही. डोळे दुखतात म्हणाली. खोटं नव्हतं ते.

पावसाळा संपता संपता झरा लेन्स आल्या. पहिल्या दिवशी शलाका आरशासमोर नुसती बसून राहिली. काही टोचत नव्हतं. आपल्याला डोळे आहेत हेच विसरायला झालं होतं. संध्याकाळी दिवे लागले तरी अक्षरं स्पष्ट होती. नवऱ्याच्या, निनादच्या, कपाळावर एक नवी आठी पडली होती, तीही दिसली.

"काय बघतेस?" निनाद म्हणाला.

"म्हातारा झालास."

"आणि तू बरी दिसायला लागलीस," तो म्हणाला आणि तिच्याजवळ येऊन बसला. बातम्या लावायला विसरला. हे नवीन होतं.

नवीन गोष्टी मग होतच राहिल्या. तिच्या खोलीत तावातावानं भांडायला आलेले पालक खुर्चीवर बसले की मवाळ व्हायचे. प्राचार्यांनी तिची सुट्टी कुरकुर न करता मंजूर केली. वर्गातली वात्रट पोरं तास संपल्यावर उगीच टेबलाभोवती रेंगाळायची. शलाकाला वाटलं, डोळे दुखायचे थांबले म्हणून आपल्या चेहऱ्यावरचं कडू पुसलं गेलं असेल. ती खूश होती. इतकी खूश, की केतकीला फोन करून आभार मानावेत असंसुद्धा तिच्या मनात एकदा येऊन गेलं. केला नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि आई रडायची थांबली.

पहिल्या संध्याकाळी शलाका आत शिरली, पलंगावर आईच्या शेजारी टेकली, वरणभात कालवू लागली. आईनं मान वळवली. चेहरा कसा उजळला! शलाकानं इतक्या जवळून, इतकं स्वच्छ, आपल्यासाठी असलेलं ते हसू कधी पाहिलंच नव्हतं.

"आलीस का गं, केतू?" आई म्हणाली.

शलाकाच्या हातातला घास तसाच राहिला. दोघी बहिणींचा आवाज फोनवर सारखाच यायचा, चेहरेपट्टीही बाबांचीच. पण इतकी वर्षं आईची अशी चूक कधी झाली नव्हती.

"आई, मी शलाका."

"काहीतरीच बोलून राहिली!" आई हसली आणि तिनं आ केला. पानातलं सगळं जेवली.

रोज तेच होऊ लागलं. शलाका काही बोलायच्या आधीच आईला केतू भेटायची. पंचफुलाबाई खूश. "माय वो, आता त कश्या हासून रायल्या! काही त्रास नाही पाहा." शलाकानं दोनचारदा चूक सुधारली, मग सोडून दिलं. आणि नवरात्रात एके दिवशी आईनं पुन्हा नारळ, तांदूळ आणि खण मागवला. "केतू जाऊन राहिली नं पुण्याला. तिची ओटी भरायची आहे."

सांगायला हवं होतं. उठून जायला तरी हवं होतं. शलाका उठली नाही. तिनं ओढणी पसरली. आईनं तिच्या ओटीत तांदूळ घातले, कुंकवाचं बोट भुवईपर्यंत ओढलं आणि तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकड मोडली. तो आवाज ऐकून शलाकाला जे सुख झालं, त्याची तिला लाज वाटली, आणि त्या सुखावर दुसऱ्याचं नाव होतं म्हणून संतापही आला.

घरी येऊन ती निनादवर खेकसली. तो शांतपणे म्हणाला, "रागावलीस तरी हल्ली तुझा राग येत नाही बघ."

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर खापर्डेंसमोर बसली. "या पाण्यात काय आहे?"

डॉक्टर जरा चपापली. "मी तुम्हाला बोलावणारच होते. इतर पेशंटच्या घरूनही असं कळायला लागलंय. अश्रूंमध्ये मिठापाण्याशिवाय काही रेणू असतात. त्यांना वास नसतो, पण समोरच्याच्या नाकाला ते कळतात आणि मेंदूला सांगतात, की हिच्याशी भांडू नकोस, हिला जप. तान्ह्या बाळाचं शस्त्र म्हणा ना. रडणाऱ्याजवळ आपण विरघळतो ते नुसतं डोळ्यांनी पाहून नाही. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं असतं, जणू त्याची खूण. काहींच्यात ते अगदीच कमी, काहींच्यात..."

"केतकीच्यात भरपूर."

"मी इतकं पाहिलं नव्हतं. आणि साधं माणूस रडलं तरच ती खूण हवेत जाते. तुमची लेन्स दिवसभर झिरपते."

"पण माझ्या आईचा आजार. त्यात वास घेण्याची शक्तीच आधी जाते."

"मोगरा, फोडणी, गॅस, हे कळेनासं होतं. ही खूण दुसऱ्या वाटेनं जाते, आमचा तरी तसा अंदाज आहे. नाव विसरलं, चेहरा विसरला, तरी ती वाट शेवटपर्यंत उघडी राहत असावी. तुमची आई चुकत नाहीये, मॅडम. तिच्या मेंदूला खरोखरच केतकी भेटते आहे."

शलाकानं मनातल्या मनात हिशोब मांडला. म्हणजे पालक मवाळ झाले ते केतकीमुळे. निनाद जवळ येऊन बसला तो केतकीमुळे. बहीण पुण्यात बसून तिच्या घरात, वर्गात, आईच्या पलंगावर राज्य करत होती, आणि शलाका तिची पालखी वाहत होती. लोक दुसऱ्याच्या संसारावर, दागिन्यांवर जळतात. स्वतःच्याच डोळ्यांवर जळायची पाळी जगात बहुधा तिच्यावरच पहिल्यांदा आली असावी.

"यावर उपाय आहे," डॉक्टर म्हणाली. "पेशी त्याच ठेवून ती खूण बनवणारं जनुक बंद करता येतं. पाणी तेवढंच मिळेल, पण मुकं. तुमच्यासाठी तशी जोडी करून ठेवते. कोणती घालायची ते तुम्ही ठरवा."

काही दिवसांनी मुकी जोडी हातात आली. तिनं ती कपाटात ठेवून दिली आणि जुनीच घालत राहिली. ओटीचा खण तिनं शिवायला टाकला होता. एकदा चाखलेलं हसू सोडवत नव्हतं, मग ते कुणाच्याही नावाचं असो.

दिवाळीच्या तोंडावर केतकीचा फोन आला. "ताई, आई माझी आठवण काढते का गं?"

"नाही," शलाका म्हणाली. "आता तिला काही आठवत नाही."

पलीकडे हुंदका फुटला. "मी भाऊबीजेला येऊ का?"

"कशाला? तिला कळणारसुद्धा नाही. तुलाच त्रास. तू पुढच्या वर्षी ये."

फोन ठेवल्यावर शलाका स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. आईसमोर दोन केतू एका वेळी उभ्या राहिल्या तर आई कोणाला हसेल, याची तिला भीती वाटली होती. आणि त्या भीतीपायी तिनं खऱ्या केतकीला हद्दपार केलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. हे तिला कळत होतं. कळून वळत नव्हतं, एवढंच.

भाऊबीजेच्या संध्याकाळी ती आईकडे गेली. पंचफुलाबाई भावाकडे गेल्या होत्या. आई उशीला टेकून बसली होती.

"केतू, बस."

शलाका बसली. आणि इतके दिवस जिभेवर येऊन परत जाणारा प्रश्न तिनं विचारला. केतकीचं पाणी डोळ्यांत होतंच, आज तिनं केतकीचा सूरही लावला. "आई, ताई रोज येते का गं?"

"येते नं. कडक आहे बाई ती. न्हाऊ घालते तर असं खसाखसा घासते, जसं काही पितळेचं भांडं."

शलाकाचे कान तापले. घ्या! लाडक्या लेकीजवळ कागाळ्या! "आणि ती आली की तू रडतेस म्हणे?"

आई भिंतीकडे पाहू लागली. शलाकाला वाटलं, तार तुटली. मग आई म्हणाली, "रडते नं."

"तुला ती आवडत नाही का?"

"आवडायचं काय त्याच्यात?" आई जरा चिडूनच म्हणाली. "मग कुठे रडू? पंचफुलासमोर रडू? घाबरते ती, डॉक्टरला फोन लावते. तुझ्यासमोर रडू? तू माझ्याआधी सुरू होतेस. मग मी आपली तुझेच डोळे पुसत बसते." तिनं शलाकाच्या गालाला हात लावला, तिथं खरंच काही पुसायचं आहे का ते पाहिलं. "तुझे बाबा गेले तेव्हा घरभर माणसं. सगळे तुला घेऊन बसलेले. मी स्वयंपाकघरात गेली. शलाका चहा करत होती. तिनं दार लोटून घेतलं. काही बोलली नाही. मी ओट्याला टेकून रडली, पोटभर. तिनं चहा दिला मला, आणि पदर नीट केला. कोणाला सांगितलं नाही तिनं कधी."

शलाकाला ते दार आठवलं. आधणं टाकलेली आठवत होती, चहाचे कप आठवत होते. आई आत येऊन रडली हे ती साफ विसरून गेली होती. सत्तावीस वर्षं तिनं त्या दिवसातला फक्त आपला अपमान तेवढा जपून ठेवला होता.

"आताशा ती येत नाही," आई म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण हातांची बोटं पांघरुणाशी चाळा करू लागली होती. "किती दिवस झाले. रोज तूच येतेस. तू चांगली आहेस, केतू. पण मला फार साठून आलंय गं."

रोज या पलंगावर आईच्या डोळ्यांसमोर बसून तिनं आईची एक लेक पळवून नेली होती, आणि जळत बसली होती ती दुसरीवर.

त्या रात्री पंचफुलाबाई परतल्यावर घरी जाऊन तिनं केतकीला फोन लावला. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "आई रोज तुझं नाव घेते. रोज. मिळेल त्या गाडीनं ये." आणि केतकी रडू लागली तेव्हा तिनं पहिल्यांदाच तिला गप्प केलं नाही. सगळं सांगितलं, खुणेचं, ओटीचं, सगळंच. केतकी रडता रडता म्हणाली, "अगं, पण मला लहानपणापासून तुझा किती राग यायचा माहितेय? आईला काही झालं की ती तुझ्याकडे जायची. मी गेले की डोळे पुसून हसायची. मला वाटायचं, मी हिची कोणीच नाही." इतकी वर्षं पलीकडच्या घरातही चूल पेटलेली होती, शलाकाला धूर कधी दिसलाच नव्हता.

सकाळी तिनं कपाटातून मुकी जोडी काढून डोळ्यांत घातली. ओलावा तोच होता, अक्षरं तितकीच स्वच्छ. कॉलेजात एका पालकानं टेबलावर हात आपटला. निनादनं चहा पिताना बातम्या लावल्या, आणि आवाज मोठा झाला म्हणून तिच्याकडे पाहून पुन्हा कमी केला. हा मोठेपणा मात्र त्याचा स्वतःचाच होता.

संध्याकाळी ती आईच्या खोलीत शिरली. तिचा हात दारावरच थोडा थांबला. काल मिळालेलं हसू आज मिळणार नव्हतं. ते कायमचं सोडायला ती तयार होती का, हे तिला अजूनही नक्की ठाऊक नव्हतं. मग ती पुढे झाली आणि पलंगावर बसली.

आईनं मान वळवली. चेहरा उजळला नाही. ती बराच वेळ शलाकाच्या दिशेनं पाहत राहिली, खांद्याला हात लावून पाहिला, मनगट चाचपलं. मग तिचा खालचा ओठ थरथरला आणि ती रडू लागली. पूर्वीसारखी मुळूमुळू नव्हे. अंग गदगदा हलत होतं.

पंचफुलाबाई धावत आल्या. लेन्स बदलल्याचं आणि का बदलल्याचं शलाकानं त्यांना दारातच सांगितलं होतं. "का झालं वो? कालपर्यंत त हासत होत्या! डॉक्टरले लावू का फोन? बाई, तुमच्या त्या पहिल्या लेन्सा घाला न जी, त्यायनं लवकर गप होते."

"नको," शलाका म्हणाली. "रडू दे तिला. तुम्ही जरा बाहेर बसा, आणि दार लोटून घ्या."

दार लोटलं गेलं. आईनं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं, ओढणीचं टोक मुठीत धरलं, आणि साठलेलं सगळं बाहेर येऊ दिलं. शलाका काही बोलली नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचे स्वतःचे डोळे भरून आले की लेन्स झिरपली, हे तिला सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं आई शांत झाली. तिनं त्याच ओढणीला नाक पुसलं, जरा सरळ बसली आणि दाराकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाली, "केतूला सांगू नकोस हं. घाबरते ती."

"नाही सांगत," शलाका म्हणाली.